यंत्राची नजर (भाग ७) : डोल नकाशावर कशी यावी?

३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते सुमारे ७६ हजार कोटींच्या वाढवण बंदराची पायाभरणी झाली. त्याच कार्यक्रमात आणखी एक योजना सुरू झाली, पण तिची चर्चा फारशी झाली नाही. इस्रोने तयार केलेले ट्रान्सपॉन्डर किनारी राज्यांतल्या एक लाख मासेमारी बोटींवर टप्प्याटप्प्याने बसवायचे, अशी ती योजना. वरोर वाढवणच्या शेजारचेच गाव. त्याला या दोन्ही गोष्टी एकत्र वाचाव्या लागतील.

ट्रान्सपॉन्डर हवाच. मोबाईलची रेंज संपते तिथून पुढे संकटाचा निरोप उपग्रहामार्फत किनाऱ्यावर जातो, वादळाचा इशारा उलट बोटीवर येतो. खलाशाच्या घरच्यांना याची किंमत सांगायला नको. पण हेच यंत्र बोट कुठे आहे तेही कळवते, आणि अशा नोंदी साठल्या की त्यांतून संगणक शिकू लागतो. सरळ, वेगात जाणारी बोट प्रवासात असते; रेंगाळणारी, वळणे घेणारी बोट जाळे टाकत असते. ग्लोबल फिशिंग वॉच ही संस्था जगभरच्या बोटींचे माग याच रीतीने वाचते. जानेवारी २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या तिच्या अभ्यासात उपग्रहांची रडार-चित्रे कृत्रिम बुद्धिमत्तेने तपासली, तेव्हा जगातल्या मोठ्या मासेमारी बोटींपैकी सुमारे तीन चतुर्थांश बोटी सार्वजनिक नोंदीत नसल्याचे निघाले. पंधरा मीटरपेक्षा लहान बोटी तर त्या चित्रांतही बहुतेक सापडत नाहीत.

आता डोल बघा. डहाणूपासून वसईपर्यंतच्या या पट्ट्यातली ही जुनी मासेमारी माशामागे धावत नाही. समुद्राच्या तळात रोवलेल्या खुंटांना नरसाळ्यासारखे जाळे बांधायचे, तोंड प्रवाहाकडे करायचे. बोंबील, जवळा, करंदी पाण्याच्या ओढीनेच आत येतात. उधाणाला ओढ जास्त, भांगाला कमी. पाणी थांबले की बोट जाऊन जाळे उचलते आणि परतते. वळणे शोधायला शिकलेल्या संगणकाला यात दिसते एवढेच: एक बोट गेली, थोडी थांबली, परत आली. जे जाळे दिवसरात्र काम करते, त्याची नोंदच नाही. ओहोटीला खडकांत शिंपल्या आणि चिंबोऱ्या वेचणाऱ्या बायकांचा तर कसलाच माग उरत नाही, कारण त्या बोटीत बसतच नाहीत.

बंदरासाठी समुद्रात १,४४८ हेक्टर भराव घालायचा आहे. कोण कुठे मासे धरत होता आणि कोणाचे किती गेले, हा प्रश्न सुटेपर्यंत पुन्हा पुन्हा विचारला जाईल. त्या वेळी टेबलावर बोटींच्या अशाच मागांवरून काढलेला रंगीत नकाशा असेल, आणि तो नेटका दिसतो म्हणूनच खरा धरला जाईल, याची मला मनापासून भीती वाटते. नकाशात रिकामी दिसणारी जागा दर्यात रिकामी असतेच असे नाही.

म्हणून भराव पुढे सरकण्याआधी तांडेलांना सोबत घेऊन डोलीच्या प्रत्येक खुंटाची जागा जीपीएसने नोंदवावी. खडकांत उतरणाऱ्या बायकांची यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचावी, राहिलेली नावे तिथेच घालावीत. आणि ट्रान्सपॉन्डरने टिपलेल्या मागाची प्रत बोटमालकाला मागताच मिळावी. दावा मांडताना पुरावा त्याच्याही हातात हवा.