परदेशातील जावई आणि मुलीचा परवाना



आपल्याकडे सोयरीक ठरविताना चौकशी बारकाईने होते. कूळ, गाव, शेती, शिक्षण, पगार, मानपान, यांतले काही सुटत नाही. मुलगा अमेरिकेत असला म्हणजे मात्र ही चौकशी एकाएकी आखडते. ‘मुलगा अमेरिकेत असतो’ एवढ्या एका वाक्यावर उमरग्यापासून परंड्यापर्यंत बैठकी उरकतात. वस्तुतः खरा प्रश्न त्या वाक्यानंतर सुरू होतो. तो तेथे कोणत्या हक्काने राहतो? नागरिक म्हणून, कायम रहिवासी म्हणून, की नोकरीच्या मुदतीपुरता? आपली मुलगी तेथे केव्हा पोहोचेल, आणि पोहोचल्यावर तिला चार पैसे स्वतः मिळविता येतील की नाही, या दोन्ही गोष्टी या एका उत्तरावर ठरतात. मुलाऐवजी मुलगी परदेशात असेल आणि जावई तिकडे जाणार असेल, तरी नियम तेच आहेत.

थोडा इतिहास पाहू. आनंदीबाई जोशी १८८३ साली कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा व्हिसा नावाची अडचण त्यांच्या वाटेत नव्हती. १९१७ च्या कायद्याने हिंदुस्थानसह आशियाच्या मोठ्या भागातील लोकांना अमेरिकेचे दार बंद झाले. १९४६ साली ते किलकिले झाले, ते वर्षाला अवघ्या १०० माणसांपुरते. १९६५ साली तेथील संसदेने राष्ट्रवार वाटणीची जुनी पद्धत मोडली आणि ताटातूट झालेली कुटुंबे एकत्र आणण्यास मोठे स्थान दिले. आजची व्यवस्था त्या कायद्याच्या पायावर उभी आहे. म्हणजे पत्नीला मिळणारा व्हिसा हा एजंटाचा प्रसाद नव्हे. ती कायद्याने आखून दिलेली वाट आहे, आणि ती वाट पुराव्यांनी चालावयाची असते.

या वाटेच्या तीन शाखा आहेत.

पहिली शाखा, पती अमेरिकेचा नागरिक असेल तर. नागरिकाची पत्नी ही कायद्याच्या दृष्टीने निकटची नातलग असून तिच्या व्हिसांना वार्षिक संख्येची मर्यादा नाही. तिला रांगेत उभे राहावे लागत नाही. कागद तपासण्यास जितका काळ लागेल तितकाच थांबावे लागते, आणि तोही कधी वर्षभराहून अधिक असू शकतो.

दुसरी शाखा, पतीजवळ ग्रीन कार्ड, म्हणजे कायम वास्तव्याचा दाखला असेल तर. येथे दरवर्षीच्या व्हिसांची संख्या बांधलेली आहे. अर्ज दाखल झाल्याची तारीख हा आपला रांगेतला क्रमांक. त्या देशाचे परराष्ट्र खाते दरमहा एक पत्रक काढते आणि कोणत्या तारखेपर्यंतच्या अर्जांची पाळी आली ते त्यात छापते. मधल्या काळात पती नागरिक झाला तर हाच अर्ज पहिल्या शाखेत जातो. आणखी एक बारकावा ध्यानात ठेवावा. नोकरीच्या आधारे ग्रीन कार्ड मिळण्यापूर्वीच लग्न झालेले असेल, तर पत्नीला पतीच्या मूळ अर्जाच्या आधारेच मागाहून जाता येते. तिच्यासाठी निराळी मागणी करावी लागत नाही. म्हणून लग्न आधी की कार्ड आधी, हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

तिसरी शाखा, पती एच-१बी व्हिसावर, म्हणजे एखाद्या कंपनीतील नोकरीच्या मुदतीपुरता गेलेला असेल तर. आपल्याकडील संगणक क्षेत्रातील बहुतेक तरुण प्रथम याच रीतीने जातात. त्याच्या पत्नीला एच-४ व्हिसा मिळतो. तो तुलनेने लौकर मिळतो, परंतु तेवढ्याने पगाराची नोकरी करता येत नाही. २०१५ सालच्या नियमाने एक सवलत मिळाली. पतीच्या कायम वास्तव्यासाठी मालकाने केलेली मागणी मंजूर झाली असेल, तर अशा पत्नीला कामाचा स्वतंत्र परवाना मागता येतो. ती मागणी मंजूर होईपर्यंत मात्र पदवीधर मुलीलाही घरी बसावे लागते. कंपनीने बदलीवर एल-१ व्हिसाने पाठविलेल्या माणसाच्या पत्नीची गोष्ट निराळी. २०२१ पासून तिला तिच्या दर्जाबरोबरच कामाची मुभा मानली जाते.

यातील विपरीत प्रकार आपल्या लक्षात आला असेल. एच-४ वर जी लौकर पोहोचते, तिच्या हाताला काम उशिरा मिळते. कायम वास्तव्याच्या व्हिसावर जी उशिरा पोहोचते, तिला पहिल्या दिवसापासून काम करण्याचा हक्क असतो. ‘लौकर नेणार ना?’ एवढेच विचारणाऱ्या वडिलांनी हा हिशेब अवश्य मांडावा.

आता कायम वास्तव्याच्या व्हिसाची प्रत्यक्ष रीत पाहू. प्रथम पती तेथील सरकारकडे आय-१३० नावाची मागणी दाखल करतो. हे लग्न खरे आहे, हे त्यात सिद्ध करावयाचे असते. ती मंजूर झाल्यावर प्रकरण तेथील राष्ट्रीय व्हिसा केंद्राकडे जाते. तेथे शुल्क भरावयाचे, डीएस-२६० हा मुलीचा अर्ज भरावयाचा, तिचे दाखले पाठवावयाचे आणि पतीने निर्वाहाची हमी द्यावयाची. या हमीसाठी त्याचे उत्पन्न, काही अपवाद सोडल्यास, तेथील सरकारी दारिद्र्यरेषेच्या सव्वापट तरी असावे लागते. कमी पडल्यास तेथे राहणारा दुसरा नागरिक किंवा कायम रहिवासी सहहमीदार होऊ शकतो. त्यानंतर नेमून दिलेल्या डॉक्टरांकडून तपासणी व लसी होतात, आणि मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत मुलाखत होते. शुल्क आणि नियम बदलत राहतात. अर्ज करावयाच्या दिवशी सरकारी पत्रक पाहावे, जुन्या ओळखीच्या माणसाच्या आठवणीवर विसंबू नये.

आपल्या जिल्ह्यातील कुटुंबे अडखळतात ती दाखल्यांपाशी. पहिला दाखला विवाहनोंदणीचा. लग्नपत्रिका आणि फोटो ही शोभा झाली. कायद्याला नोंदणीचा दाखला हवा असतो. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याने ही नोंदणी खेड्यात ग्रामपंचायतीत आणि शहरात नगरपालिकेत करता येते. दुसरा दाखला जन्माचा. आपल्याकडील कित्येक जन्मदाखल्यांवर बाळाचे नावच नसते, कारण नोंद बारशाच्या आधी झालेली असते. तो वेळीच दुरुस्त करून घ्यावा. तिसरा दाखला पोलिसांकडील चारित्र्याचा, आणि तो पासपोर्ट कार्यालयामार्फत मिळतो. दाखले मराठीत असतील तर इंग्रजी भाषांतर जोडावे, आणि भाषांतर बरोबर असल्याचे भाषांतरकाराने सहीनिशी लिहून द्यावे.

नावाचा घोळ तर खास आपला. मुलीचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव अशी आपली रीत. लग्नानंतर मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात, आणि काही घरांत पहिलेही बदलतात. शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरे आणि पासपोर्टवर तिसरे नाव असले, म्हणजे तीन निराळ्या स्त्रिया उभ्या राहतात. लग्नानंतर नाव बदललेच पाहिजे असा कायदा नाही. बदलावयाचे असेल तर अर्जाच्या आधी सर्वत्र बदलावे, नाहीतर अर्ज पुरा होईपर्यंत माहेरचेच ठेवावे. गावाच्या नावाचेही तसेच. २०२३ साली उस्मानाबादचे धाराशिव झाले. जुन्या दाखल्यावर उस्मानाबाद असेल तर तो दाखला खोटा ठरत नाही. नाव सरकारी निर्णयाने बदलले, एवढे अर्जात स्पष्ट करावे.

ठरवून केलेल्या लग्नात दोघांची भेट दोन-तीनदाच झालेली असते, याची पुष्कळांना भीती वाटते. ती नको. ठरवून केलेले लग्न बेकायदा नव्हे. दोन्ही घरांचे एकत्र फोटो, प्रवासाची तिकिटे, आपसांतील पत्रव्यवहार व फोनच्या नोंदी, असेल तर एकत्र बँकखाते, असे साधे पुरावे पहिल्या दिवसापासून जपावेत. मुलाखतीत खरे आणि थोडक्यात बोलावे. पाठ केलेली खोटी उत्तरे कामाला येत नाहीत. व्हिसासाठी खोटे लग्न दाखविल्याचे ठरले, तर पुढील खऱ्या लग्नाच्या आधारेही ते दार उघडत नाही. कागद अपुरा म्हणून प्रकरण थांबले, तर तो मात्र कायमचा नकार नव्हे.

तेथे उतरल्यानंतरचे सांगतो. पासपोर्टवरील व्हिसावर प्रवेशाचा शिक्का पडला, की तोच एक वर्षापर्यंत तात्पुरत्या ग्रीन कार्डाचे काम करतो. नोकरीसाठी आणखी परवाना लागत नाही. सोशल सिक्युरिटी क्रमांक हवा, आणि त्याची मागणी डीएस-२६० मध्येच करून ठेवता येते. परंतु कामाचा हक्क म्हणजे हवे ते काम नव्हे. डॉक्टर, परिचारिका, शिक्षक, वकील यांना ज्या राज्यात राहतील तेथील परवाना व परीक्षा चुकत नाहीत. पदवीचे तिकडच्या मापाने मूल्यांकन करून घ्यावे लागते, आणि त्यासाठी विद्यापीठाकडून गुणपत्रकांची अधिकृत प्रत थेट मागविली जाते. आपल्याकडील बहुतेक पदव्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या. ती कामे येथे असतानाच उरकावीत. परदेशातून एका शिक्क्यासाठी भावाला हेलपाटे घालावयास लावू नयेत.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. प्रवेशाच्या दिवशी लग्नाला दोन वर्षे पुरी झाली नसतील, तर मिळणारे कार्ड दोन वर्षांचे व सशर्त असते. ते संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत पतिपत्नींनी मिळून शर्त काढण्याचा अर्ज करावयाचा असतो. ‘माझ्या सहीवाचून तुझे कार्ड गेले’ अशी धमकी येथेच दिली जाते, आणि ती खरी नाही. घटस्फोट झाला असेल, किंवा पती छळ करीत असेल, तर पत्नीला तो अर्ज एकटीने करण्याची सोय कायद्यात आहे. कार्ड मिळण्यापूर्वीच छळ सुरू झाला, तरी नागरिकाच्या किंवा ग्रीन कार्डधारकाच्या पत्नीला १९९४ च्या तेथील कायद्याने स्वतःच्या नावाने मागणी करता येते. पतीने दिलेली निर्वाहाची हमी घटस्फोटाने संपत नाही. इकडे राष्ट्रीय महिला आयोगाकडे २००९ पासून अनिवासी भारतीयांच्या विवाहविषयक तक्रारींसाठी स्वतंत्र कक्ष आहे.

सारांश, मुलीला निरोप देताना दागिन्यांची यादी जशी करता, तशीच कागदांचीही करा. पासपोर्ट, विवाहाचा दाखला, जन्माचा दाखला, गुणपत्रके आणि व्हिसाच्या प्रत्येक अर्जाची प्रत यांचा एक संच तिच्या स्वतःच्या हाती असू द्या व दुसरा माहेरी ठेवा. दागिना मोडून काही महिने निघतील; कागद हाती असले तर ती तेथे आपल्या कमाईवर उभी राहू शकेल.