मोटारीचे तीन आकडे : कुर्ला ते तळेगाव

साकीनाक्यावरून कुर्ल्याकडे जाणारा रस्ता मुंबईच्या ज्या जुन्या औद्योगिक पट्ट्यातून जातो, त्याच पट्ट्यात, कुर्ल्याच्या लालबहादूर शास्त्री मार्गावर, वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता. आरंभी येथे क्रायस्लर या अमेरिकी कंपनीच्या गाड्या परदेशातून आलेले सुटे भाग जोडून तयार होत. पुढे इटलीच्या फियाटशी सहकार्य होऊन फियाट ११०० बनू लागली आणि १९७०च्या दशकात तीच गाडी ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. सुकाणूच्या दांड्यालाच गिअरची मूठ असल्याने पुढची बैठक सलग बाकासारखी राहणारी ही गाडी काळ्या-पिवळ्या रंगात मुंबईच्या टॅक्सीचा चेहरा बनली.

मोटार कंपन्या वर्षअखेरीस उत्पादन, देशांतर्गत विक्री आणि निर्यात असे तीन आकडे जाहीर करतात. कुर्ल्याच्या ऐन भराच्या काळात मात्र त्यांतील एकाच आकड्याला खरा अर्थ होता, आणि तो म्हणजे उत्पादन. किती गाड्या बनवायच्या हे सरकारी परवान्याने ठरे, किमतीवरही सरकारचे नियंत्रण असे (तो वाद १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला), आणि गाडीसाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत. जे बनेल ते खपणारच असल्याने विक्रीचा आकडा ही उत्पादनाचीच नक्कल होती, आणि त्यातून ग्राहकाची पसंती कळण्याचा मार्गच नव्हता. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि पसंतीला प्रथमच पर्याय मिळाला, तेव्हा त्या जुन्या आकड्यांनी किती झाकून ठेवले होते हे उघड झाले.

आज ‘विक्री’ हा शब्दही सावधपणे वाचावा लागतो. वाहन उत्पादकांची संघटना ‘सियाम’ जे आकडे देते, ते मुख्यतः कारखान्यातून वितरकाकडे रवाना झालेल्या गाड्यांचे, म्हणजे ठोक विक्रीचे असतात. ग्राहकाने गाडी घेऊन आरटीओत नोंदणी केली की होणारी किरकोळ विक्री वेगळी, आणि तिचा हिशेब वितरकांची संघटना ‘फाडा’ सरकारच्या ‘वाहन’ या नोंदणी प्रणालीवरून मांडते. त्यामुळे वितरकाच्या आवारात धूळ खात उभी असलेली गाडीही कंपनीच्या लेखी विकलेली असते, आणि सणासुदीपूर्वी पाठवणी वाढली म्हणजे मागणी वाढली असे मानणे घाईचे ठरते. २०२४-२५ मध्ये देशात सुमारे ४३ लाख प्रवासी वाहनांची अशी ठोक विक्री झाली आणि सुमारे ७.७ लाख वाहने निर्यात झाली. संपूर्ण देशाच्या बेरजेत निर्यात अशी दुय्यम दिसते. एखाद्या कारखान्यापुरते पाहिले, तर चित्र पार उलटेही असू शकते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण पुण्याजवळच्या तळेगावचे आहे. जनरल मोटर्सने २००८ मध्ये तेथे कारखाना सुरू केला आणि शेव्हरोले या नावाने गाड्या विकल्या. २०१५-१६ मध्ये कंपनीची देशांतर्गत विक्री साधारण साडेबत्तीस हजार आणि निर्यात ३७ हजार, म्हणजे दोन्ही जवळपास बरोबरीत होत्या. पुढच्याच वर्षी विक्री घसरून २६ हजारांच्या आसपास आली, तर निर्यात सुमारे ७१ हजारांवर गेली. दर चार गाड्यांपैकी जवळजवळ तीन परदेशी जात होत्या, आणि त्यांतील मोठा वाटा मेक्सिकोचा होता. तेथे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणून ‘बीट’ ही छोटी गाडी त्या देशासाठी डाव्या बाजूला सुकाणू बसवून तयार केली जाई. अशी गाडी पुण्यामुंबईच्या वितरकाकडे वळवून विकता येत नाही. ज्या वर्षी निर्यात जवळजवळ दुप्पट झाली, ते वर्ष संपताच, मे २०१७ मध्ये, कंपनीने भारतातील विक्री त्या वर्षाअखेर थांबवण्याची घोषणा केली. वरवर हे विसंगत वाटते, परंतु निर्यातीचा आकडा कारखान्याचे यंत्र किती फिरते हे सांगतो, तर देशांतर्गत विक्रीचा आकडा त्या नावावर येथील ग्राहकाचा भरवसा किती आहे हे दाखवतो. येथे पहिला चढत असताना दुसरा ढासळत होता.

केवळ परदेशी मागणीवर तळेगाव आणखी तीन वर्षे चालले आणि डिसेंबर २०२० मध्ये तेथील उत्पादन थांबले. कामगारांच्या नोकऱ्यांचा वाद न्यायालयात गेला. उत्पादन, विक्री आणि निर्यात यांच्या तक्त्यात त्यासाठी कोणताही रकाना नसतो, ही त्या तक्त्याची मोठीच उणीव म्हटली पाहिजे. चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सला कारखाना विकण्याचा करार केंद्राच्या मंजुरीअभावी २०२२ मध्ये बारगळला, २०२३ मध्ये ह्युंदाईने खरेदीचा करार केला आणि २०२५ मध्ये तेथून पुन्हा गाड्या बाहेर पडू लागल्या. आता त्या तमिळनाडूतील कारखान्याच्या गाड्यांबरोबर कंपनीच्या एकाच बेरजेत मोजल्या जातात.