शेण, पाऊस आणि विहीर

दापोली तालुक्यांतील बुरोंडीसारख्या गांवीं शेणास कोणी घाण म्हणत नाहीं, आणि तें योग्यच आहे. अंगण सारवावयास शेण, चुलीस गोवऱ्या, भाताच्या राबास शेण, कलमांच्या आळ्यांत शेणखत. लूककृत शुभवर्तमानांतील तो माळीदेखील निष्फळ अंजिरासाठीं आणखी एका वर्षाची मुदत मागतो, ती त्याच्याभोंवतीं खणून खत घालण्याकरितांच! तेव्हां शेणाची निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं. आम्हांस इतकेंच दाखवावयाचें आहे कीं, शेण कोरड्या जागीं आहे तोंवर तें धन आहे. त्यास वाहतें पाणी मिळालें कीं तेंच शेजाऱ्याच्या घागरींत जातें.

आपल्या भूमीची घडण यास कारण आहे. वर सडा, खालीं समुद्र, आणि मधल्या उतारावर घरें, गोठे व विहिरी. दापोलीकडे वर्षास साडेतीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, व तो बहुतेक सगळा चार महिन्यांतच. शिवाय आपला खडक जांभा. जांभ्याचा चिरा ज्यानें हातीं घेऊन पाहिला आहे त्यास त्यांतील भोंकें ठाऊक आहेत. वाळू पाणी गाळते. जांभा तितकें गाळीत नाहीं, भेगांतून व पोकळ्यांतून तें धांवत खालीं उतरतें. पहिल्या मोठ्या पावसानंतर विहिरीचें पाणी गढूळ झालें, म्हणजे जमिनीवरचें पाणी फारसें न गाळतां आंत आलें असें खुशाल समजावें. मग त्याच वाटेनें उकिरड्याचें पाणी येण्यास कोणती हरकत?

आतां थोडें गणित करूं. लहान चणीचें गांवठी जनावर दिवसास सुमारें १० किलो शेण टाकतें असें धरलें, तर दोन जनावरांचें पावसाच्या १२० दिवसांचें शेण २४०० किलो होतें. मूत्र निराळेंच. हा ढीग बहुधा गोठ्याच्या मागें, नेमका पागोळीखालीं असतो.

ह्या पाण्यांत डोळ्यांस न दिसणारे जंतु असतात; त्यांतील कित्येकांनीं जुलाब व रक्ताची हगवण होते. जनावरांच्या व उंदरांच्या मूत्रांतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतु चिखलांत येतात, आणि लावणी करणाऱ्याच्या पायास जखम असेल तर तेथून शरीरांत शिरतात. तिसरी वस्तु नायट्रेट. ती जंतु नव्हे, क्षार आहे. पिण्याच्या पाण्यांत लिटरमागें ४५ मिलिग्रॅमपेक्षां अधिक नायट्रेट नसावें असें भारतीय मानक सांगतें. तें वाढलें तर तान्ह्या मुलाच्या रक्ताची प्राणवायु वाहण्याची शक्ति कमी होते व मूल निळें पडतें. उकळल्यानें जंतु मरतात, परंतु नायट्रेट जात नाहीं. पाणी आटल्यामुळें उलट दाट होतें.

हें सर्व केवळ भय दाखविण्यासाठीं नव्हे. कॅनडा देशांत वॉकर्टन नांवाचें सुमारें पांच हजार वस्तीचें एक गांव आहे. मे २००० मध्यें तेथें मोठा पाऊस झाला. गांवाच्या एका उथळ विहिरीजवळच्या शेतांत गुरांचें खत पसरलेलें होतें, आणि खालचा खडक भेगाळ होता. जंतु विहिरींत उतरले. पाण्यांत क्लोरिन पुरेसा पडत नव्हता; नोंदवहींत मात्र तो पडल्याचे खोटे आंकडे लिहिले जात. दोन हजारांहून अधिक माणसें आजारी पडलीं व ७ दगावलीं. पुढें चौकशी झाली तेव्हां त्या शेतकऱ्यास दोष लागला नाहीं. त्यानें खत रीतीप्रमाणेंच टाकलें होतें. पालकांनीं ह्याचा विशेष विचार करावा. दुष्टपणा कोणाचा नसतांही विहीर नासते.

उपाय महागडे नाहीत. उकिरडा विहिरीच्या वरच्या अंगास कधींही नसावा, खालच्या अंगास असावा. विहिरीपासून निदान ५० फूट अंतर ठेवावें असें आरोग्यशास्त्र सांगतें. जांभ्याच्या भेगा पाहतां त्याहून जितकें अधिक ठेववेल तितकें बरें. ढिगाचा तळ चोपून घट्ट करावा, भोंवतीं बांध घालावा, वर माडाच्या झापांचें छप्पर करावें, आणि पागोळीचें पाणी चर खणून दुसरीकडे वळवावें. हें सर्व मृगापूर्वीं व्हावयास पाहिजे. पावसांत उकिरडा हलविणें म्हणजे तो सर्व वाटेवर पसरणें होय.

गोठ्याविषयीं आमचें मत कित्येकांस उलटें वाटेल. पूर्वीं गोठ्यांत पाला व पेंढा पसरीत. तो मूत्र शोषून घेई व खतांत जाई. आतां जमीन सिमेंटची झाली आणि नळीनें धुतली जाते. गोठा लखलखीत दिसतो, पण धुवण पऱ्यांत जातें. झाडून शेण आधीं उचलावें, पाला पुन्हां घालावा, आणि उरलेलें पाणी खड्ड्यांत धरून परसांतील झाडांस द्यावें.

खत करण्याच्या चांगल्या रीती आपल्याच देशांत सिद्ध झाल्या आहेत. अल्बर्ट हॉवर्ड ह्यांनीं १९२४ ते १९३१ ह्या काळांत इंदुरास शेण, पालापाचोळा, माती व राख ह्यांचें खत करण्याची पद्धति बसविली. पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे ह्यांची ‘नॅडेप’ टांकी १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच असते, व हवा खेळण्यासाठीं भिंतींत भोंकें असतात. ती विटांची करितात. आपल्याकडे चिऱ्यांचीही होईल. नीट कुजणारा ढीग आंतून हात ठेववणार नाहीं इतका तापतो, व त्या उष्णतेनें पुष्कळ जंतु मरतात. म्हणून ढीग उलटून बाहेरचा भाग आंत घालावा लागतो.

विहिरींत टी. सी. एल. पावडर टाकतात ती अवश्य टाकावी. पण पाण्यांत शेणकट असेल तर बरीचशी पावडर त्यांतच खर्ची पडते. विद्यार्थ्यांनीं एक परीक्षा ग्रामपंचायतींत विचारून पाहावी. लहान बाटलींत विहिरीचें पाणी भरून एकदोन दिवस ठेवितात. विष्ठेंतील जंतु असल्यास तें बहुधा काळें पडतें. ती बाटली एकदां मे महिन्यांत भरावी व एकदां जूनच्या पहिल्या मोठ्या सरीनंतर, आणि दोन्ही बाटल्या घरीं वडील माणसांस शेजारीं शेजारीं ठेवून दाखवाव्या.