जुन्या रंगीत काचेचे दांड्याचे पेले : ओळख आणि परीक्षण

प्रस्तावना :
वाटी, दांडा आणि तळ असे तीन भाग असलेले रंगीत काचेचे पेले विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील ओहायो व वेस्ट व्हर्जिनिया या राज्यांत मोठ्या प्रमाणावर तयार होत. हायसी, केंब्रिज, फॉस्टोरिया, इंपीरियल, फेंटन ही त्यांपैकी परिचित नावे होत. अनेक पेल्यांवर केवळ कागदी चिठ्ठी असे आणि ती पहिल्या धुण्यातच नाहीशी होई. त्यामुळे आज असा पेला समोर आला की त्याची ओळख वस्तूवरूनच पटवावी लागते. या कामी सहज उपलब्ध असलेल्या चाचण्या कोणत्या व त्यांच्या मर्यादा काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

तीन स्वतंत्र प्रश्न :
काचेत कोणते घटक आहेत, पेला कसा घडविला आणि तो केव्हाचा आहे, हे तीन प्रश्न परस्परांपासून वेगळे आहेत. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्यावर लादल्यामुळे चुकीचे निष्कर्ष निघतात. युरेनियमयुक्त काच हे याचे ठळक उदाहरण होय.

अतिनील प्रकाशाची चाचणी :
क्लापरोट यांनी १७८९ मध्ये युरेनियमचा शोध लावला. पुढे १८३० च्या दशकात बोहेमियात योसेफ रीडेल यांनी त्याच्या साहाय्याने पिवळी व हिरवी काच तयार केली. अशी काच अतिनील दिव्याखाली तेजस्वी हिरवा प्रकाश देते. लोह किंवा क्रोमियममुळे हिरवी झालेली काच तसा प्रकाश देत नाही. तथापि, काचेतील नको असलेली छटा घालविण्यासाठी वापरलेल्या मँगनीजमुळेही फिकट हिरवी प्रतिदीप्ती दिसू शकते. ३६५ नॅनोमीटरच्या दिव्याखाली ती अधिक जाणवते; ३९५ नॅनोमीटरच्या दिव्याखाली युरेनियमची काच स्पष्ट उजळते, मँगनीजची मात्र सहसा मंदच राहते. शंका उरल्यास गायगर गणकाचा उपयोग करावा. प्रथम खोलीतील स्वाभाविक नोंद घ्यावी व नंतर गणक काचेजवळ धरून तिच्याशी तुलना करावी.

युरेनियम सिद्ध झाले तरी पेल्याचे वय सिद्ध होत नाही. अमेरिकेत १९४३ ते १९५८ या काळात युरेनियमच्या नागरी वापरावर निर्बंध होते; ते उठल्यानंतर फेंटनसारख्या कारखान्यांनी अशी काच पुन्हा बनविली. म्हणजेच चमकणारा पेला १९३० चा असेल, तसाच १९८० चाही असू शकेल.

रंगबदल :
१९३० च्या दशकाच्या पूर्वार्धात हायसीने ‘अलेक्झांड्राइट’ नावाची निओडिमियमयुक्त काच विक्रीस आणली. ती दिवसाच्या उजेडात फिकट जांभळी, तर नळीदिव्याच्या प्रकाशात निळसर दिसते. मँगनीजच्या जांभळ्या काचेत असा बदल होत नाही. येथे कोणतेही उपकरण लागत नाही. दोन प्रकारचे प्रकाश पुरेसे आहेत.

घनतेचे मापन :
शिसे असलेली काच जड असते. पेला हवेत तोलावा, नंतर दोऱ्याने टांगून पूर्णपणे पाण्यात बुडवून पुन्हा तोलावा. बुडविताना वाटीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नये. हवेतील वजन १८६ ग्रॅम व पाण्यातील १२४ ग्रॅम भरले, तर घट ६२ ग्रॅम आणि सापेक्ष घनता १८६ ÷ ६२ = ३.० येते. साध्या सोडा-चुना काचेची घनता सुमारे २.५ असते. युरोपीय समुदायाच्या १९६९ च्या निर्देशानुसार २४ टक्के शिसे-ऑक्साइड असलेल्या स्फटिककाचेची घनता किमान २.९० असावी लागते. ही चाचणी शिसे दाखविते, कारखाना नव्हे. शिसे आढळल्यास त्या पेल्यात आम्ल पेये साठवू नयेत.

घडणीच्या खुणा :
साच्यात दाबलेल्या भागावर जोडाची बारीक शिवण दिसते. साच्यात फिरवत फुंकलेल्या वाटीवर ती नसते. सळईवरून तोडल्याची खूण तळाखाली आढळल्यास हातकाम सूचित होते. दीर्घ वापराचे ओरखडे तळाच्या टेकणाऱ्या कडेवर आणि वेगवेगळ्या दिशांना असतात. एकाच दिशेचे समांतर ओरखडे मुद्दाम घासल्याची शंका निर्माण करतात.

कारखान्याचे चिन्हही निर्णायक मानता येत नाही. हायसीचे चिन्ह म्हणजे चौकटच्या आकारातील इंग्रजी ‘एच’. हा कारखाना १९५७ मध्ये बंद पडला व १९५८ मध्ये त्याचे साचे इंपीरियलकडे गेले. त्या साच्यांतून निघालेल्या काही वस्तूंवर जुने चिन्ह तसेच राहिले. अशा वेळी चिन्हाबरोबर रंगाचाही पडताळा घ्यावा लागतो, कारण साचा विकत घेता येतो, पण मूळ कारखान्याने तो रंग त्या आकारात काढला होता की नाही, हे त्याच्या जुन्या सूचिपत्रांवरूनच ठरते.

समारोप :
घटक, घडण आणि काळ यांविषयीचे स्वतंत्र पुरावे एकाच दिशेने निर्देश करू लागले, तरच पेल्याला नाव द्यावे. अन्यथा ‘युरेनियमयुक्त, साच्यात दाबलेला, काळ अनिश्चित’ एवढीच नोंद करावी. अपुरी पण खरी नोंद पुढील अभ्यासकाला उपयोगी पडते. चुकीचे नाव मात्र एका नोंदवहीतून दुसऱ्या नोंदवहीत उतरत जाते. तराजू, दोरा, पाण्याचे भांडे व अतिनील दिवा ही साधने बहुतेक महाविद्यालयीन प्रयोगशाळांत उपलब्ध असतात. त्यामुळे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व इतिहास या विभागांनी विद्यार्थ्यांसाठी संयुक्तपणे हाती घ्यावा, असा हा विषय आहे.