पॅकिंग छोटे, नुकसान मोठे

पनवेल : नेरे, वावंजे भागातला शेतकरी भल्या पहाटे भाजी व्हॅनमध्ये भरून वाशीच्या बाजार समितीकडे निघतो. सिग्नलला गाडी थांबली की इंजिन थरथरते, कधी आपोआप बंद पडते. मग मिस्त्री प्लग बदलतो, जुनी गाडी असेल तर कार्बोरेटर ट्यून करतो. चार दिवसांनी पुन्हा रड तीच. अशा वेळी एकदा इनटेक मॅनिफोल्डचे पॅकिंग पाहून घ्यावे.

मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरला हवा पोचवणारा फाटे फुटलेला पाइप. तो जिथे इंजिनाला बसतो, तिथे मधे हे पॅकिंग असते. वर्षानुवर्षे तापून-निवून ते कडक होते, चिरते. मग त्या फटीतून जादा हवा आत जाते आणि पेट्रोलचे प्रमाण बिघडते.

ओळखायचे कसे?

पेट्रोल गाडी उभी असताना मिसिंग मारते, वेग वाढवला की बरी चालते. जोडापाशी ‘स्स्स’ असा आवाज येतो. नव्या गाडीत चेक इंजिनचा दिवा लागतो. आधी रबरी नळ्या तपासा, कारण फाटकी नळीही हीच लक्षणे दाखवते. मग इंजिन चालू ठेवून जोडावर साबणाचे पाणी थोडेथोडे सोडा. पाणी आत ओढले गेले आणि इंजिनाचा आवाज बदलला, की दोष तिथेच. वायरिंगवर पाणी पडू देऊ नका. काही जण जोडावर पेट्रोल शिंपडून पाहतात. तसे मुळीच करू नये, गाडी पेट घेईल.

डिझेल गाडीत ही खूण सहसा मिळत नाही, पण धोका मोठा. फटीतली हवा एअर फिल्टरमधून गाळून येत नाही. आपल्याकडे खडीच्या खाणी आणि बांधकामांची धूळ काय थोडी आहे? ती आत गेली की रिंगा आणि लायनर घासतात, आणि पॅकिंगवर भागणारे काम इंजिन उतरवण्यावर जाते.

बदलताना

इंजिन गार होऊ द्या, बॅटरीची वायर काढा. मॅनिफोल्डमधून रेडिएटरचे पाणी फिरत असेल तर ते आधी काढा. मॅनिफोल्ड उतरल्यावर सिलिंडरकडची तोंडे स्वच्छ फडक्याने बंद करून जुने पॅकिंग खरवडा; अ‍ॅल्युमिनियमवर ओरखडा उठता कामा नये. सरळ पट्टी लावून मॅनिफोल्ड वाकला नाही ना, ते बघा. वाकला असेल तर नवे पॅकिंगही टिकणार नाही. फडकी आठवणीने काढा. नट मधून बाहेर, आलटूनपालटून, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. शेवटचा ताण कंपनीच्या पुस्तकात दिला असेल तेवढाच, टॉर्क पान्याने. जोर लावून आवळले तर आटे जातात.

ग्रामपंचायतीची गाडी असो की घरची, बिल देण्याआधी जुने पॅकिंग मागून घ्या. कुठे चिरले ते डोळ्यांनी दिसते, आणि फुकटच्या ट्यूनिंगचे पैसे वाचतात.