पेटंटचा धाक आणि मुक्त व्हिडिओ

सप्टेंबर २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘ऑन२’ कंपनीने आपला व्हीपी३ हा कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करण्याचे तंत्र, सर्वांसाठी खुला केला. त्यावरची आपली पेटंटे कोणाविरुद्ध वापरणार नाही, असेही कायमचे लिहून दिले. ‘झिफ’ या ना-नफा संस्थेने त्यातूनच पुढे ‘थिओरा’ घडवला. तेव्हापासून मुक्त कोडेकवाल्यांना एकच प्रश्न विचारला जातो आहे : तुम्ही तुमची पेटंटे सोडलीत, पण दुसऱ्या कोणाचे पेटंट यात निघाले तर?

शंका अगदीच बिनबुडाची नव्हती. जीआयएफ चित्रे जगभर पसरल्यावर, डिसेंबर १९९४ मध्ये, युनिसिसने त्यामागच्या एलझेडडब्ल्यू पेटंटचे पैसे मागितले होते. अमेरिकेतले ते पेटंट २० जून २००३ रोजी संपेपर्यंत ही टांगती तलवार कायम होती. भारतीय पेटंट कायद्याचे कलम ३(के) निव्वळ संगणक प्रोग्रामला पेटंट नाकारते. अमेरिकेत असे थेट कलम नाही. शिवाय जाणूनबुजून उल्लंघन केल्याचे ठरले, तर भरपाई तिप्पट होऊ शकते. त्यामुळे खटला जिंकण्याची खात्री असली, तरी तो उभाच राहू नये अशी कंपन्यांच्या वकिलांची धडपड असते.

वेबपानांच्या एचटीएमएल५ या मानकाच्या वादात हे उघड दिसले. वेबपानात व्हिडिओ प्लगइनशिवाय चालावा आणि त्यासाठी ब्राउझरांनी थिओरा वापरावा, अशी शिफारस मसुद्यात होती. नोकिया आणि ॲपलने हरकत घेतली. डिसेंबर २००७ मध्ये संपादक इयान हिक्सन यांनी ती शिफारस काढली. ॲपलचे म्हणणे, थिओरासाठी चिप नाहीत आणि पेटंटांचे चित्र धूसर आहे. उलट मोझिला एच.२६४ हा सशुल्क कोडेक घ्यायला तयार नव्हती. तिने जून २००९ च्या अखेरीस फायरफॉक्स ३.५ मध्ये थिओरा दिला. एकमत होईना, तेव्हा हिक्सन यांनी कोणताच कोडेक न नेमता विषय मिटवला.

एच.२६४ चा परवाना देणारी एमपीईजी एलए ही संस्था तेव्हा कोलोरॅडोतल्या डेन्व्हरची होती. अनेक कंपन्यांची पेटंटे एकत्र बांधून त्यांचा एकच परवाना विकणे हा तिचा धंदा होता. वर्षाला पहिले एक लाख नग फुकट, पुढे नगामागे २० सेंट, पन्नास लाखांनंतर १० सेंट. महागड्या व्यावसायिक कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेतही बारीक टायपात छापलेले असे की, हा परवाना ग्राहकाच्या वैयक्तिक, बिगरव्यापारी वापरापुरता आहे.

पैसे भरणारेही निर्धास्त नव्हते. एच.२६४ च्या पेटंटांसाठी मोटोरोलाने मायक्रोसॉफ्टकडे वस्तूच्या किमतीच्या सव्वादोन टक्के मागितले. सिएटलचे न्यायाधीश जेम्स रोबार्ट यांनी एप्रिल २०१३ मध्ये दर ठरवला तो नगामागे ०.५५५ सेंट. म्हणजे एका सेंटच्या जेमतेम अर्ध्याहून थोडा जास्त.

एप्रिल २०१० च्या अखेरीस स्टीव्ह जॉब्झ यांनी एका युरोपीय कार्यकर्त्याच्या पत्राला उत्तर देताना लिहिले की, थिओरा आणि इतर मुक्त कोडेकांच्या मागे लागण्यासाठी पेटंटांचा संच जमवला जातो आहे. थिओराविरुद्ध असा संच पुढे कधी जाहीर झालाच नाही. पण बड्या कंपन्यांना बिचकवायला तेवढे एक पत्र पुरले.

ऑन२ तोवर गूगलने विकत घेतली होती. १९ मे २०१० रोजी सॅन फ्रान्सिस्कोत गूगलने तिचा व्हीपी८ कोडेक ‘वेबएम’च्या रूपात मोफत खुला केला. फेब्रुवारी २०११ मध्ये एमपीईजी एलएने, व्हीपी८ ला लागू पडणारी पेटंटे कोणाकडे असल्यास पाठवा, असे जाहीर आवाहन केले. जुलैपर्यंत बारा जण पुढे आले. दरम्यान अमेरिकेचे न्याय खाते या संस्थेचीच चौकशी करत असल्याचे वृत्तही आले. अखेर ७ मार्च २०१३ रोजी समझोता झाला : अकरा पेटंटधारकांनी गूगलला परवाना दिला आणि एमपीईजी एलएने संचाचा नाद सोडला. नोकिया मात्र हटून बसली. तिने जर्मनीत मानहाइमच्या न्यायालयात फोन बनवणाऱ्या एचटीसीला खेचले. ऑगस्ट २०१३ मध्ये न्यायालयाने व्हीपी८ मुळे तिच्या पेटंटचे उल्लंघन होत नसल्याचा निकाल दिला.

सिस्कोने वेगळाच तोडगा काढला. ऑक्टोबर २०१३ मध्ये तिने आपला एच.२६४ कोडेक मोफत वाटण्याचे आणि त्याचे शुल्क स्वतः भरण्याचे जाहीर केले. मोझिलानेही तो घेतला. विकिपीडियाच्या कार्यकर्त्यांनी मात्र २०१४ च्या सुरुवातीला एच.२६४ व्हिडिओ साठवणाऱ्या एमपी४ फाइलींना परवानगी द्यावी का, यावर कौल घेतला आणि नकार दिला. मराठी विकिपीडियासाठी मोबाइलवर टिपलेला व्हिडिओ चढवणाऱ्याला तो आधी वेबएममध्ये बदलावा लागतो, याचे मूळ या भूमिकेत आहे.

पारडे फिरले ते पेटंटवाल्यांच्याच अतिलोभाने. एच.२६४ चा वारस एचईव्हीसी आला, तेव्हा एमपीईजी एलएखेरीज २०१५ मध्ये ‘एचईव्हीसी ॲडव्हान्स’ हा दुसरा संच पैसे मागू लागला. काही कंपन्या दोन्हींच्या बाहेर राहिल्या. एकूण बिल किती होईल, हे कोणालाच सांगता येईना. १ सप्टेंबर २०१५ रोजी ॲमेझॉन, सिस्को, गूगल, इंटेल, मायक्रोसॉफ्ट, मोझिला आणि नेटफ्लिक्स यांनी ‘अलायन्स फॉर ओपन मीडिया’ स्थापन केली. जानेवारी २०१८ मध्ये तिच्या यादीत ॲपलचेही नाव झळकले. मार्च २०१८ मध्ये या आघाडीचा एव्ही१ हा मुक्त कोडेक बाहेर पडला.

धाक संपला असे नाही. मार्च २०१९ मध्ये सिसव्हेल कंपनीने एव्ही१ साठीही संच जाहीर केला; पडदा असलेल्या उपकरणामागे ३२ युरो सेंट. तरीही एव्ही१ थांबला नाही. २०२३ मध्ये ॲपलने आयफोन १५ प्रोच्या चिपमध्ये त्याची सोय दिली. थिओराच्या वाट्याला हे आले नाही, कारण त्याच्या पाठीशी मुख्यतः ना-नफा संस्था आणि स्वयंसेवक होते. एव्ही१ टिकला तो पेटंटांच्या कचाट्यातून सुटला म्हणून नव्हे; स्वतःची पेटंटे आणि वकिलांची फौज बाळगणाऱ्या कंपन्यांना या वेळी तो स्वतःलाच हवा होता.