आत्याबाईच्या मिशा आणि इंग्रजीतलं ‘इफ’

कॅम्पस इंटरव्ह्यूचे दिवस जवळ आले की आपल्या होस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये एक वाक्य हमखास कानावर पडतं : ‘‘इफ आय विल गेट धिस जॉब...’’ आणि पाठोपाठ शेजारच्या रूममधून हसण्याचा आवाज! ज्या मुलीचं वाक्य असतं ती मग ग्रुप डिस्कशनमध्ये तोंडच उघडत नाही. हे हसणं मला अजिबात पटत नाही, कारण ते ‘विल’ अडाणीपणातून येत नाही. ते चांगल्या मराठीतून येतं. कसं ते सांगते.

मी करमाळ्याची, पण शाळा कॉन्व्हेंट. त्यामुळे इंग्रजी कानावर पडून पडून आलं, रेन अँड मार्टिन नंतर. माझी रूम पार्टनर दहावीपर्यंत झेडपीच्या आणि मग गावच्या हायस्कूलमध्ये, मराठी माध्यमात. तिनं मला एकदा सरळ विचारलं, ‘‘अगं, जॉब पुढे मिळणार आहे ना? मग फ्यूचर टेन्स का नाही लावायचा?’’ ‘तसंच म्हणतात’ हे काही उत्तर नव्हे, आणि इंजिनिअरिंगच्या मुलीला तर नाहीच नाही! उत्तर मिळालं ते घरच्या म्हणींमध्ये.

‘असतील शितं तर जमतील भुतं.’ ‘खाईन तर तुपाशी, नाहीतर उपाशी.’ बघा, दोन्हीकडे ‘तर’च्या आधीच भविष्यकाळ आहे. आपण रोजही म्हणतो, ‘मोकळी असशील तर ये.’ त्याचं शब्दाला शब्द इंग्रजी केलं की ‘इफ यू विल बी फ्री’ होणारच. इंग्रजीत मात्र पुढची गोष्ट आहे हे मुख्य वाक्यातलं ‘विल’ एकदा सांगतं, मग ‘इफ’च्या बाजूला साधा वर्तमानकाळ पुरतो. ‘इफ आय गेट धिस जॉब, आय विल मूव्ह टु पुणे.’ हा झाला फर्स्ट कंडिशनल.

आता गंमत ऐका. आपण ‘पाऊस आला तर पेरणी करू’ असंही म्हणतो. ‘आला’ हा भूतकाळ! पण आभाळाकडे बघत बसलेल्या करमाळ्यातल्या एकाही शेतकऱ्याला पाऊस येऊन गेलाय असं वाटत नाही. म्हणजे ‘तर’च्या बाजूचं क्रियापद घड्याळातला काळ दाखवत नाही, मराठीतही नाही आणि इंग्रजीतही नाही. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धं काम झालं.

मग ते दाखवतं काय? गोष्ट खऱ्यापासून किती लांब आहे ते. आपल्या सगळ्यांची लाडकी म्हण घ्या : आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं. आत्याबाईंना मिशा नाहीत. काल नव्हत्या म्हणून नव्हे, आजही नाहीत. इंग्रजीत हे सेकंड कंडिशनल : ‘इफ आन्टी हॅड अ मुस्टॅश, वुई वुड कॉल हर अंकल.’ ‘हॅड’ दिसतो भूतकाळ, पण बोलणं आजचं आहे. ‘मी तुझ्या जागी असते तर’ म्हणजे ‘इफ आय वेअर यू’. तिथे ‘वेअर’ का, ‘वॉज’ का नाही, यावर डोकेफोड करू नका. तेवढं एक पाठच करा.

इथे आमच्या रूममधल्या सगळ्यांनी भाषांतर केलं ‘वुड हॅव कॉल्ड’. कारण मराठीत ‘म्हटलं असतं’ आहे ना! आणि खरी मेख इथेच आहे, जी मला कुठल्याच गाईडमध्ये सापडली नाही. ‘मला वेळ असता तर मी आले असते’ हे वाक्य आजच्या कार्यक्रमाबद्दल आहे की कालच्या? दोन्ही असू शकतं. मराठीचं ‘असता तर... असते’ आजच्या अशक्य गोष्टीलाही चालतं आणि होऊन गेलेल्यालाही. आपल्या व्याकरणात या सगळ्याला ‘संकेतार्थ’ असं एकच नाव आहे. इंग्रजी मात्र इथे दोन वेगळे डबे ठेवतं. आज वेळ नाही : ‘इफ आय हॅड टाइम, आय वुड कम.’ काल नव्हता : ‘इफ आय हॅड हॅड टाइम, आय वुड हॅव कम.’ आपण सेकंड आणि थर्डमध्ये अडखळतो ते कच्चे असल्यामुळे नाही, आपल्या भाषेत ती भिंतच नाही म्हणून.

थर्डचं उदाहरण आमच्याकडे शोधावं लागत नाही. उजनीच्या काठाला ऊस आणि केळी, पण काठापासून लांब गेलं की सगळं पावसावर. २०२३ साली पावसानं दगा दिला आणि ऑक्टोबरच्या शेवटी सरकारनं ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात करमाळा होता. ‘तेव्हा पाऊस झाला असता तर ज्वारी आली असती.’ आता काही केलं तरी ते बदलणार नाही. म्हणून ‘इफ इट हॅड रेन्ड, द क्रॉप वुड हॅव सर्व्हाइव्हड.’ पण माझी रूम पार्टनर म्हणाली, ‘‘आमच्या घरचं वाक्य वेगळंय. तेव्हा पाऊस झाला असता तर आज कर्ज नसतं.’’ अट तेव्हाची, परिणाम आजचा! इंग्रजीत दोन अर्धी वाक्यं जोडायची : ‘इफ इट हॅड रेन्ड देन, वुई वुड नॉट बी इन डेट नाऊ.’ पुस्तकात याला मिक्स्ड कंडिशनल म्हणतात आणि शेवटच्या पानावर अवघड म्हणून टाकतात. तिनं ते पहिल्याच दिवशी बरोबर केलं.

झिरो कंडिशनल सोपा. ‘घर फिरलं की घराचे वासेही फिरतात’, नेहमीच, त्यामुळे दोन्हीकडे वर्तमानकाळ. सी प्रोग्रॅममधला ‘इफ’ याच्या जवळचा. चालू असलेला प्रोग्रॅम कंडिशन खरी की खोटी एवढंच बघतो, ती शक्य होती का, हुकली म्हणून वाईट वाटतंय का, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

इंटरव्ह्यूत याचा उपयोग काय? एचआर विचारतात, ‘इफ यू वेअर द टीम लीडर, व्हॉट वुड यू डू?’ प्रश्नातच ‘वेअर’ आणि ‘वुड’ आहे, म्हणजे कल्पना करा. उत्तरात तेच ‘वुड’ उचला : ‘आय वुड फर्स्ट टॉक टु द टीम.’ ‘आय विल’ म्हणालात तर तुम्ही लीडर होणारच असं धरून चाललात असं वाटू शकतं. नोकरीबद्दल बोलताना मात्र खुशाल ‘इफ आय गेट’ म्हणा. ‘इफ आय गॉट’ म्हणजे मिळेल असं तुम्हालाच फारसं वाटत नाही!

अजून एक नेहमीचा घोळ ‘अनलेस’चा. ‘जोपर्यंत अभ्यास करत नाहीस तोपर्यंत’ यातलं ‘नाही’ आपण तिकडेही नेतो आणि ‘अनलेस यू डोन्ट स्टडी’ म्हणतो. ‘अनलेस’च्या पोटात ‘नाही’ आधीच आहे. ‘अनलेस यू स्टडी’ एवढंच.

प्रॅक्टिससाठी आम्ही जेवणानंतर पाच-पाच मराठी वाक्यं घेतो. इंग्रजी करण्याआधी दोनच प्रश्न. हे अजून होऊ शकतं का? नसेल, तर बोलणं आजचं की होऊन गेलेलं? होऊ शकत असेल तर ‘विल’, आजचंच पण अशक्य असेल तर ‘वुड’, होऊन गेलेलं असेल तर ‘वुड हॅव’. वाक्यं कुठूनही मिळतात. नोटीस बोर्डावरचं ‘रात्री उशिरा आल्यास दंड आकारण्यात येईल’ हे पक्कं फर्स्ट कंडिशनल आहे, रेक्टर मॅडमना विचारून बघा! मेसमधल्या मावशी म्हणतात, ‘आधी सांगितलं असतंस तर पोळी ठेवली असती,’ ते थर्ड. आणि ‘आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?’ हे कशात टाकायचं यावर आमच्या रूममध्ये अजून भांडण चालू आहे. मी झिरो म्हणते, बाकी दोघी फर्स्ट. तुमचं मत सांगायला कधीही या, दार उघडंच असतं.